शहाण्यावरचं टिंब

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बादली भरली, आणि ती ओतावी की नाही असा प्रश्न आपापुढे उभा राहिला.

मोरी चार पावलांवर होती. पण आज कोर्टाचा कमिशनर पाहणीला यायचा होता, आणि कोर्टाचा हुकूम होता की शाळेच्या इमारतीत ‘जैसे थे’ परिस्थिती राखावी. आता भरलेली बादली जैसे थे म्हणायची, की रिकामी? आपानं क्षणभर विचार केला, बादली मोरीत उलटी केली आणि छतावरच्या टाकीखालच्या भेगेच्या बरोब्बर खाली, फरशीवर पडलेल्या गोल डागावर परत ठेवली. दोन वर्षं ती हेच करत होती. तिच्या मते हेच जैसे थे होतं.

मुलांना आज सुट्टी होती. एकूण बासष्ट मुलं. त्यातल्या एका मुलीला कालच ‘ळ’ जमला होता आणि तिनं तो फळ्यावर, बाकावर आणि शेजारणीच्या हातावर काढून ठेवला होता. फळ्यावरचा आपानं पुसला नव्हता.

दाराला दोन कुलपं होती. एक तिच्या थोरल्या भावाचं, एक धाकट्याचं. पहिलं थोरल्यानं दिवाणी कोर्टाच्या हुकमाच्या आदल्या दिवशी लावलं, दुसरं धाकट्यानं वक्फ न्यायाधिकरणाच्या हुकमाच्या आदल्या दिवशी. दोन्ही हुकूम ‘जैसे थे’चे, मध्ये अकरा दिवसांचं अंतर. त्यामुळे इमारत कायद्यानं एकाच वेळी दोघांच्या ताब्यात होती. नऊ वर्षांपूर्वी, आपापलं कुलूप लावलं त्याच दिवशी, दोघांनीही आपापली जादा किल्ली आपाच्या हातात दिली होती आणि दोघंही म्हणाले होते, “ठेव तुझ्याकडे. त्याला बोलू नकोस.” ती बोलली नव्हती. रोज सकाळी दोन्ही कुलपं काढून शाळा भरवत होती.

थोरला आधी आला. तो घड्याळजी. वेळेवर येण्याचा त्याला धंद्यामुळेच सोस होता. आपापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण त्याची तिन्ही मुलं तिच्याकडे मुळाक्षरं शिकली, तेव्हापासून सगळ्या गावासारखा तोही तिला आपाच म्हणायचा. मागोमाग त्याची बायको, भाभी, हातात कापडी पिशवी घेऊन. भाभी आणि आपा फारशा बोलत नसत. खटला सुरू झाल्यावर कोणी कोणाशी बोलायचं नाही हे घरात नीट ठरलं होतं आणि दोघींनी ते पाळलं होतं.

“छत आणखी खाली आलंय,” थोरला वर बघत म्हणाला.

“छत आहे तिथंच आहे. प्लॅस्टर खाली आलंय,” आपा म्हणाली.

“इंजिनियर काय म्हणाला?”

“आज संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्तीच्या अर्जावर सही हवी. नाहीतर उद्या सकाळी दाराला सील.”

“तिसरं कुलूप,” भाभी म्हणाली.

थोरल्यानं दाराकडे बघितलं.

अर्जाची गोष्ट अशी होती. नगरपालिकेचा इंजिनियर मागच्या आठवड्यात आला, काठीनं छत ठोकलं, आणि छताचा एक तुकडा त्याच्या बुटावर पडला. त्यानं तिथल्या तिथे अर्जाचा नमुना काढला. खाली सहीची जागा होती: ‘मालक / व्यवस्थापक / देखभाल करणारा’. मालक कोण, त्यानं विचारलं. आपानं त्याला शांतपणे सांगितलं, की वक्फ म्हणजे माणसानं आपली मिळकत कायमची अल्लाच्या नावे लोकांच्या उपयोगासाठी सोडलेली असते. पुढं ती विकता येत नाही, वाटून घेता येत नाही, फक्त सांभाळता येते. इंजिनियर ‘मालक उपलब्ध नाहीत’ असं लिहू लागला, तेव्हा आपानं त्याचा हात धरला.

“उपलब्ध आहे,” ती म्हणाली. “सही करत नाही, एवढंच.”

व्यवस्थापक, म्हणजे मुतवल्ली, कोण हाच तर खटला होता. आणि खटला अजून तिथवरसुद्धा पोचला नव्हता. थोरला म्हणत होता, हा आमच्या घराण्याचा दस्त आहे, वारस ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं. धाकटा म्हणत होता, वक्फाचा कारभार म्हटला की तो न्यायाधिकरणाचा. कोर्टानं विचारलं, हे आमच्या अधिकारक्षेत्रात येतं का? न्यायाधिकरणानंही तेच विचारलं. नऊ वर्षं दोन्हीकडे एवढाच प्रश्न चालू होता, की हा दावा ऐकायचा कोणी. दावा अजून कोणीच ऐकला नव्हता.

धाकटा जिन्यावरूनच बोलत आला. त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. पंचवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याला एक सवय लागली होती: समोरचा चुकीचं बोलायला लागला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक असल्यासारखा.

“कमिशनर आलेत,” तो म्हणाला. “कोणाचे ते विचारू नका.”

“कोणाचे?” थोरल्यानं विचारलं.

“दोघांचे.”

कमिशनर म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले एक निवृत्त शिरस्तेदार होते. दिवाणी कोर्टानं त्यांना नेमलं होतं, आणि आठच दिवसांनी न्यायाधिकरणानंही, एकमेकांना न कळवता, त्यांनाच नेमलं. त्यांनी दोन्हीकडे हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला आपलं अधिकारक्षेत्र नाही असं त्यांचं मत होतं. त्यांच्या एका काखेत निळी फाईल होती, दुसऱ्या काखेत लाल. वर्गात मोठ्या माणसांच्या दोनच खुर्च्या होत्या. त्यांनी दोन्ही मागून घेतल्या, एकीवर निळी फाईल ठेवली, दुसरीवर लाल.

“इथं बसलो की मी दिवाणीचा,” त्यांनी समजावलं. “तिथं बसलो की न्यायाधिकरणाचा. इथलं बोलणं तिथं धरलं जाणार नाही. तेव्हा जे सांगायचं ते कृपया दोनदा सांगा.”

“आणि उभे असलात तर?” भाभीनं विचारलं.

शिरस्तेदारांनी विचार केला. “तेव्हा मी कोणीच नाही. तेव्हा चहा घेतला तरी चालतो.”

बाकी चौघं मुलांच्या बाकांवर बसली. बाक दुसरीच्या मापाचे. थोरल्याचे गुडघे त्याच्या छातीपर्यंत आले.

पाहणी सुरू झाली. शिरस्तेदारांनी कुलपं मोजली, दोन. आपानं नुकतीच ओतलेली बादली बघितली आणि लिहिलं, ‘बादली, एक, प्लॅस्टिक, रिकामी’. मग लाल खुर्चीवर बसून तेच पुन्हा लिहिलं. तोवर बादलीत तीन बोटं पाणी आलं होतं, म्हणून लाल फाईलमध्ये ‘अंशतः भरलेली’ अशी नोंद झाली.

“आता मूळ दस्त,” ते म्हणाले. “नकलेशी ताडून बघायचाय.”

पणजोबांनी वक्फ करताना स्वतःच्या हातानं लिहिलेला मूळ दस्त फळ्याच्या वर, काचेच्या चौकटीत, छताच्या अगदी खाली टांगलेला होता. तो इतका उंच होता, की तो वाचायचा असतो हे घरातले सगळे विसरून गेले होते. आपा टेबलावर चढली. धाकट्यानं न सांगता टेबल धरलं. चौकटीचा एक कोपरा ओला झाला होता.

शिरस्तेदारांनी निळ्या फाईलमधली टंकलेली नक्कल उघडली आणि मोठ्यानं वाचली: “माझ्या वंशात जो शहाणा माणूस असेल त्याने मुतवल्ली व्हावे व मुलांस अक्षर शिकवावे.”

“बरोबर,” थोरला म्हणाला.

“बरोबर,” धाकटा म्हणाला.

दोघांनाही ही ओळ पाठ होती. आपण सोडून दुसरं कोण, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. अब्बांनी शेवटच्या दिवशी थोरल्याकडे बघून म्हटलं होतं, “तू बघ.” निदान थोरल्याला तसं ऐकू आलं होतं. धाकट्याला ऐकू आलं होतं, “तुम्ही बघा.” अब्बांचं डोकं तेव्हा आपाच्या मांडीवर होतं, म्हणजे त्यांच्या ओठांच्या सगळ्यात जवळ ती होती. तिला काय ऐकू आलं हे कोणी विचारलं नाही.

“चूक आहे,” आपा म्हणाली.

तिनं चौकट मांडीवर घेतली होती आणि अक्षरावरून बोट फिरवत होती, जसं ती मुलांचं फिरवायची.

“इथं ‘जो शहाणा’ नाहीये. ‘जें शहाणें माणूस’ आहे.”

“तेच ते,” धाकटा म्हणाला. त्याचा पाय हलला.

“तेच कसं? तिसरीत काय शिकलास? तो, ती, ते. शहाणा हे तो. शहाणी हे ती. शहाणें हे?”

धाकटा बाकावर बसला होता, समोर फळा होता, त्यामुळे उत्तर देणं भाग पडलं.

“ते,” तो म्हणाला.

“शाबास. माणूस हा शब्द दोन्हींत चालतो. तो माणूस, तसं ते माणूस. बाईमाणूस म्हणतो तेव्हा आपण काय म्हणतो? ते बाईमाणूस. कोणी असो, बाई असो की बुवा असो, तेव्हा ‘ते’ म्हणायचं. पणजोबांनी ‘ते’ म्हटलंय.”

“आता बायकांनी मुतवल्ली व्हायचं?” थोरला म्हणाला.

“व्हायचं असं मी कुठं म्हणाले? मी व्याकरण सांगतेय.”

“एक मिनिट,” धाकटा म्हणाला. वाहन हातातून जातंय असं दिसलं, की पहिल्यांदा गिअर बदलायचा, हे तो रोज शिकवायचा. “शहाणे म्हणजे अनेकवचन. शहाणे पुरुष. म्हणजे आम्ही दोघं.”

थोरल्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाकडे जरा कौतुकानं बघितलं.

“क्रियापद वाच,” आपा म्हणाली.

“कुठलं?”

“‘शहाणें माणूस’च्या पुढचं.”

धाकट्यानं वाचलं. “असेल.”

“अनेक असते तर?”

बादलीत दोन थेंब पडले.

“असतील,” मागच्या बाकावरून भाभी म्हणाली.

“आणि हे टिंब,” आपा पुढं म्हणाली. “शहाणें. वर टिंब आहे. जुन्या लिखाणात नपुंसकलिंगी एकवचनावर टिंब द्यायचे. अनेकवचनी पुल्लिंगी शहाण्यांवर देत नसत. नक्कल करणाऱ्या टंकलेखकाला टिंब कळलं नाही. मग ‘शहाणे’ त्याला चूक वाटलं. म्हणून त्यानं सुधारून ‘शहाणा’ केलं.”

“टिंब कशावरून?” धाकटा म्हणाला. “माशी बसली असेल.”

शिरस्तेदार उभे होते, म्हणजे त्या वेळी कोणीच नव्हते. “हा मुद्दा महत्त्वाचा आहे,” ते तरीही म्हणाले.

थोरल्याच्या खिशात भिंग होतं. ते नेहमीच असायचं, चष्म्यासारखं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्यानं ते काढलं, उजव्या डोळ्यात बसवलं आणि चौकटीवर वाकला.

भिंगातून टिंब मोठं झालं. गोल नव्हतं, थोडं उजवीकडे ओढलेलं होतं, बोरूनं टेकवून उचलल्यासारखं. मधे शाई दाट, कडेला फिकी. माशीचा डाग वर चढून बसतो, कागदात उतरत नाही. हे उतरलं होतं. थोरल्यानं चाळीस वर्षं भिंगातून बघून लोकांना सांगितलं होतं की तुमचं घड्याळ बंद आहे ते धुळीमुळे की गंजामुळे, आणि या बाबतीत त्यानं कधी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. एकदा तर स्वतःच्या सासऱ्यालाही त्यानं खरं तेच सांगितलं होतं, घड्याळ सोन्याचं नाही म्हणून. त्यावरून वर्षभर अबोला होता. आता ‘माशी’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

पणजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेका अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळीत बसवायचं काम. टिंबाचा खिळा वेगळा असतो. असा माणूस फुकट टिंब टाकत नाही.

“शाई आहे,” थोरला म्हणाला आणि भिंग खिशात ठेवलं.

धाकट्याचा पाय जमिनीवर इतका जोरात दाबला गेला, की बाक मागं सरकला.

शिरस्तेदारांनी निळ्या खुर्चीवर बसून लिहिलं: ‘मूळ दस्तात जें शहाणें माणूस, टिंबासह’. मग लाल खुर्चीवर बसून तेच लिहिलं.

“म्हणजे मुतवल्ली कोण?” आपानं विचारलं. पाचपर्यंत सहा तास होते.

“टिंब आहे एवढं मी बघू शकतो,” शिरस्तेदार म्हणाले. “टिंबाचा अर्थ काय, हे ज्याला अधिकार आहे तो सांगेल.”

“अधिकार कोणाला आहे?”

“तेच ठरतंय.”

आपा बाकावर बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच बादली भरत आल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. नऊ वर्षांत न सुटलेलं तिनं एका टिंबानं सोडवलं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य होता. फळ्यावर तो ‘ळ’ होता. सील लागलं की आत राहणार होता.

धाकट्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. तो घाबरला होता. उद्या कोणी ना कोणी हे टिंब वाचणार. दावा दोघांत होता, तो तिघांत जाणार, आणि तिसरी बाजू रोज सकाळी शाळा उघडते. तो थोरल्याच्या बाकाशी गेला आणि हळूच म्हणाला, “भाई, जरा इकडे ये.”

दोघं दाराशी, कुलपांजवळ उभे राहिले. कोर्टाचा व्हरांडा सोडला तर नऊ वर्षांत दोघं इतके जवळ उभे राहिले नव्हते.

“तू शाई कशाला म्हणालास?”

“शाई आहे म्हणून.”

“बरं. पण ती व्यवस्थापक नाही, हे तरी तुला मान्य आहे?”

“मी थोरला आहे,” थोरला म्हणाला. “ती कशी असेल?”

“मग तेवढं आत्ताच लिहून घेऊ. दोघांच्या सहीनं. नाहीतर उद्या तीच आपल्याला बाकावर उभं करेल.”

भाभी त्यांच्या मागेच होती. इंजिनियरच्या कचेरीतून अर्जाची प्रत थोरल्याच्या पत्त्यावर आली होती. घरात आलेला कागद पूर्ण वाचायची तिला सवय होती, मागच्या बाजूसकट. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मिळकतीबद्दल वाद असेल तर देखभाल करणाऱ्याची सही चालेल, मात्र ती व्यक्ती देखभाल करते याला सर्व पक्षांचा लेखी दुजोरा हवा. भाभीनं ते सोमवारी वाचलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, धाकटा सही करत असेल तर मी नाही. धाकट्याला सांगितलं असतं तर त्यानं उलट म्हटलं असतं. म्हणून तिनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि ती आज आली. तिची तिन्ही मुलं याच छताखाली शिकली होती. नात पुढच्या वर्षी यायची होती.

“नुसतं ‘नाही’ लिहून भागणार नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “ती रोज इथं असते, सगळं गाव बघतं. ती आहे तरी कोण, हेही लिहा. नाहीतर उद्या म्हणेल, मी कारभार बघते.”

“बरोबर बोलतेय भाभी,” धाकटा म्हणाला. भाभीचं आणि त्याचं एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं, पण घाईत ते त्याला खटकलं नाही. “कारभार नाही. ती फक्त… झाडलोट, कुलपं, बादली…”

“फक्त देखभाल,” भाभी म्हणाली.

“फक्त देखभाल!”

शिरस्तेदार निळ्या खुर्चीवर बसले. दोघा भावांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं, आणि सवयीनं वाचून दाखवलं: “उभय पक्षांचे एकमत आहे की त्यांची बहीण सदर मिळकतीची व्यवस्थापक नसून ती नऊ वर्षांपासून फक्त तिची देखभाल करते.”

“नऊ नाही, एकतीस,” आपा बाकावरून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता.

“एकतीस लिहा,” थोरला म्हणाला. आकडा चुकलेला त्याला खपत नसे.

दोघांनी सह्या केल्या. धाकट्यानं आपली सही दोनदा अधोरेखितही केली. मग शिरस्तेदार लाल खुर्चीवर गेले, आणि सगळं पुन्हा झालं.

“माझ्याबद्दल एवढं एकमत,” आपा म्हणाली. “अब्बा असते तर साखर वाटली असती.”

भाभी तिच्या शेजारी येऊन बसली. त्या बाकावर दोन दुसरीच्या मुली मावतात, त्यामुळे दोघींना खेटून बसावं लागलं. भाभीनं पिशवीतून घडी केलेला अर्ज काढला, उलटा केला आणि बारीक अक्षरावर बोट ठेवलं.

आपानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग भाभीकडे बघितलं.

“वाचता येतं मला,” भाभी म्हणाली. “मुलांचा अभ्यास घेताना शिकले. तुमच्याच वह्यांवरून.”

आपा उठली. शिरस्तेदारांकडे गेली आणि लाल-निळ्या दोन्ही नोंदींच्या सही-शिक्क्याच्या नकला मागितल्या. शिरस्तेदारांनी अर्ज बघितला, मागची बाजू बघितली, आणि दोन खुर्च्यांच्या मधोमध उभे राहिले.

“मी आत्ता कोणीच नाही,” ते म्हणाले, “पण फार छान.”

“काय छान?” धाकटा जवळ आला. त्यानं वाचलं. त्याचा पाय जमिनीवर दाबला गेला, पुन्हा दाबला गेला. काहीच थांबलं नाही. “साहेब, ही सही चालणार नाही! जैसे थे आहे!”

“जैसे थे तुम्हां दोघांवर आहे. त्या पक्षकार नाहीत. आणि त्या देखभाल करतात असं तुम्हीच आत्ता म्हणालात. दोन्ही अधिकारक्षेत्रांत.”

धाकट्यानं आधारासाठी थोरल्याकडे बघितलं. थोरला छताच्या भेगेकडे बघत होता. नंतर त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि बहिणीपुढं धरलं.

“पाचला कचेरी बंद होते,” तो म्हणाला. “त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे.”

आपानं अर्ज टेबलावर ठेवला. ‘मालक’ खोडलं नाही. त्याच्यावर रेघ मारायला तिचा हात धजला नाही. ‘व्यवस्थापक’ही तसंच सोडलं. ‘देखभाल करणारा’पाशी मात्र थांबली. शेवटचा काना तिनं व्यवस्थित खोडला, त्याजागी मात्रा काढली, आणि वर बोटाच्या नेमक्या दाबानं टिंब दिलं: ‘देखभाल करणारें’. खाली सही केली.

“हल्ली असं टिंब कोणी देत नाही,” धाकटा म्हणाला.

“दस्तात आहे ना?” आपानं अर्ज भाभीच्या पिशवीत ठेवला आणि बादली उचलली. “जैसे थे.”